दाढीवाला लसूण

या, असे लांब लांब काय बसलात? डफाच्या अंगाला सरका, इथं चुलीची ऊबही लागेल. आज तुम्हाला एका चिक्कू म्हाताऱ्याची आणि त्याच्या लसणाची गोष्ट सांगतो. गोष्ट आमच्या सेंबालुनच्या खोऱ्यातली, रिंजानी ज्वालामुखीच्या पायथ्याची, आणि मी त्या अंगणात उभा होतो, तेव्हा ऐकीव नाही. फक्त मध्येच उठून जाऊ नका. निम्मी ऐकून जो जाईल तो म्हाताऱ्याला आयुष्यभर चिक्कूच म्हणत राहील, आणि ते पाप माझ्या माथी नको.

म्हाताऱ्याला पापुक रिसाह म्हणायचे. आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापाचं स्वतःचं नाव मागं पडतं. बाप त्या मुलाच्या नावानं अमाक होतो, आई इनाक होते, आणि नातवंड आलं की आजा होतो पापुक. रिसाह म्हाताऱ्याची नात. तिची आई इनाक रिसाह, म्हाताऱ्याची एकुलती एक लेक. हे झालं तोंडावरचं नाव. पाठीमागं मात्र सगळं गाव त्याला ‘चिक्कू’ म्हणायचं, आणि त्याला कारण होतं.

त्याच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली, आणि तिला लसणाच्या जुड्या. धुरानं काळवंडलेल्या, ओळीनं लटकलेल्या. शेजारीण चटणीपुरता एक गड्डा मागायला आली तर म्हातारा वरही न बघता म्हणायचा, “दुकानात मिळतो.” ती बिचारी वर त्या जुड्यांकडे बघत बघत परत जायची. स्वतःच्या घरातल्या चटणीलाही तो दुकानातलाच लसूण आणायचा. आता सांगा, याला काय म्हणावं?

एके काळी हे खोरं लसणाचंच होतं. माझ्या बापाच्या पिढीतले निम्मे हाजी लसणावर मक्केला जाऊन आले. मशिदीमागं एक लांबलचक मांडव होता, त्यात सगळ्या गावाचा लसूण एकत्र वाळायचा. मग समुद्रापलीकडून तो दुसरा लसूण आला. पांढराशुभ्र, एका मापाचा, स्वस्त, आणि बुडाशी मुळ्या साफ तासलेला. आम्ही त्याला ‘दाढी केलेला’ म्हणायचो. आपला तो दाढीवाला. बायका बाजारात विचारायच्या, “दाढीवाला आहे का?” आणि दुकानदार स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवून म्हणायचा, “एवढाच!”

पुढं सरकारनं बाहेरून लसूण आणणाऱ्या व्यापाऱ्यांना सांगितलं, आणता तर थोडा इथंही लावा. त्यांनी पोती आणली, बांधावर पाट्या ठोकल्या. पात गुडघ्याएवढी वाढली आणि उपटून बघितलं तर खाली गड्डाच नाही. त्या बियाला आमचं हवामान मानवलं नाही. मग एक साल असं आलं की बियाण्यासाठी आमचाच लसूण हवा म्हणून लोक खोऱ्यात आले आणि कुणी स्वप्नात बघितला नव्हता असा भाव देऊ लागले. आम्ही विकला. शेवटच्या गड्ड्यापर्यंत विकला. बी काय, पुढच्या साली विकत घेऊ! पुढच्या साली जे बी आलं त्यात दहा गावांचा लसूण कालवलेला, निम्मा जमिनीतच कुजला. हळूहळू खोरं बटाट्याकडे आणि स्ट्रॉबेरीकडे वळलं. ज्या मातीनं बेटाबेटांना लसूण पुरवला, तिथली माणसं घाटाखालून ट्रकनं येणाऱ्या दाढी केलेल्या लसणाची वाट बघू लागली.

त्या भाववाल्या साली एकट्या म्हाताऱ्यानं आपला लसूण विकला नाही. उलट तो घरोघर जाऊन लोकांच्या जुड्या बांधून देत होता, आणि मजुरी म्हणून मागायचा काय, तर त्या घरची एक जुडी. आम्ही हसलो. “चिक्कूला पैसेसुद्धा लसणातच हवेत!” नंतर दर साली तो घरामागच्या तुकड्यात लसूण लावायचा, ओळी-ओळींत बांबूच्या काड्या रोवून, जसं काही प्रत्येक ओळीला वेगळं कुंपण. काढणी झाली की पुन्हा चुलीवर.

असा तो माणूस गेला. भात कापून झालं होतं, वाफे तयार होते, लसणाची लावणी तोंडावर आली होती.

आता नीट ऐका, खरी गोष्ट इथून पुढं आहे.

माणूस गेल्यावर नवव्या दिवशी गावाला जेवण घालायचं असतं. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचा धाकटा भाऊ अमाक सेनुन पुढं झाला. पांढरी टोपी, ताठ मान, बोलणं कमी. गावात त्याचा शब्द होता, आणि शब्द असणाऱ्याला लाजेची भीती जास्त. शेजाऱ्यांनी तांदूळ आणला, नारळ आणले, सरपण आणलं. स्वयंपाकाला अमाक मुहिर, आम्ही त्याला नुसतं मुहिर म्हणतो. या माणसानं हात लावल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही आणि मयताचं जेवणही होत नाही. प्रवचनाला आमचे धर्मगुरू, तुआन गुरू, घाटाखालून येणार होते. तुआन गुरू बोलत नाहीत, गातात. मी त्यांच्या मागं डफ धरतो. त्यांनी सूर लावला की पोटातली भूकसुद्धा खाली बसून ऐकते, अल्लाची शपथ.

सकाळी धुकं होतं. धुक्यातूनच बातमी आली की घाटात दरड कोसळलीय. ट्रक पलीकडे अडकला, आणि त्यात आमचा लसूण.

अमाक मुहिरनं मसाल्याचा दगड पुढं ओढला होता. मिरची होती, हळद होती, आल्यासारखं गलांगल होतं, लाल कांदा ढीगभर. लसूण नाही. पोरांना दुकानांकडे पिटाळलं. एका दुकानात टोपलीच्या तळाशी वाळलेली टरफलं निघाली, बाकी काही नाही.

“लसणाशिवाय केळीच्या गाभ्याची आमटी?” मुहिर म्हणाला. “मग तुआन गुरूंना सांगा, आज डफाशिवाय गा. माझं नाव जाईल हो.”

“नाव तुझं नाही, माझं जाईल,” अमाक सेनुन म्हणाला. “चार गावांची माणसं येतायत. उद्या म्हणतील, सेंबालुनात लसूण नव्हता.”

आणि मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. त्याच्या मागोमाग आम्ही सगळ्यांनी.

इनाक रिसाह आत चुलीपाशी उभी होती. तिनं आमचे डोळे बघितले आणि ताटीच्या खाली येऊन उभी राहिली.

“नाही, काका.”

“मी अजून बोललो कुठं?”

“बोलायच्या आधीच सांगते. बाबांचा शेवटचा शब्द होता, लावणीआधी खाली काढू नको. आणि एकमेकांत मिसळू नको. मी हो म्हटलंय.”

“अगं, त्याच्याच जेवणाला लागतोय ना? जन्मभर गावाला एक पाकळी दिली नाही त्यानं. आज त्याच्या नावानं लोक जेवू देत, दुवा देऊ देत. त्याच्या कबरीला तेवढाच उजेड.”

“ते बी आहे, काका.”

“पुढच्या साली लावशील.”

तिनं तिथंच पडलेला एक सुटा गड्डा उचलला, एक पाकळी सुरीनं उभी चिरली आणि काकांसमोर धरली. आतला हिरवा कोंब बुडापासून निघून शेंड्याला टेकला होता. “हा जागा झालाय. आता तो माती मागतो. या लावणीला नाही गेला तर चुलीवरच वाळून पोचट होईल. पुढचं साल कसलं? आज हा दगडावर वाटला की खोऱ्यात दाढीवाला उरलाच नाही. कुठूनही नाही.”

तिचं खरं होतं आणि काकांचंही काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. मयताच्या घरात आलेल्याला त्या घरातली वस्तू नाकारायची नाही, हा आमचा रिवाज आहे. नववा दिवस उलटेपर्यंत घरातलं सगळं गेलेल्याच्या नावाचं.

“तुआन गुरूंना येऊ द्या,” ती म्हणाली. “ते सांगतील तसं करीन.”

“तुआन गुरू दरडीच्या पलीकडे असतील.”

“ते चालत येतील. थांबा ना, काका.”

अमाक सेनुननं चुलवणावरच्या मोठ्या भांड्याकडे बोट केलं. नारळाचं दूध नुकतंच चढलं होतं. “त्याला उकळी येईपर्यंत थांबतो. तू माझ्या भावाची लेक आहेस म्हणून.”

त्या दिवशी मी माझ्या जन्मात पहिल्यांदा जाळ मंद व्हावा म्हणून दुवा मागितली. मी अंगणाच्या कडेला जाऊन घाटाच्या रस्त्याकडे बघायचो, तर धुकं. परत यायचो, तर दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे. मुहिर पळीनं ढवळत होता, आणि मला वाटतं, जरा जास्तच सावकाश. एका बाईनं लाकूड आत सारलं तर तो खेकसला, “तुझ्या नवऱ्याचं जेवण आहे का हे? राहू दे तिथं!” कुणी हसलं नाही. इनाक रिसाह ताटीखालून हलली नाही. तिचे ओठ हलत होते, कुराणातली सूरा म्हणत असावी.

दुधाला मध्यभागी उकळी फुटली.

“मुहिर,” अमाक सेनुन म्हणाला. “शिडी लाव.”

मुहिरनं पळी ठेवली, लुंगीला हात पुसले, कमरेची सुरी चाचपली. शिडी लावली. इनाक रिसाहनं शिडीचा पाय दोन्ही हातांनी धरला.

“सोड,” काका म्हणाले. आवाज चढवला नाही. “बापाच्या नवव्या दिवशी काकाशी झटापट करणार आहेस? लोक बघतायत, पोरी.”

मग तिनं हात सोडले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भांडण करणारी बाई बघवते. ती पाठ मला बघवली नाही.

मुहिर वर चढला. धुरात त्याचं डोकं दिसेना. सुरी निघाल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच आवाज आला नाही.

“काय रे?” अमाक सेनुन म्हणाला. “झोपलास वर?”

“ही जुडी कुणी बांधली?”

“कुणी म्हणजे? चिक्कूनं.”

“नाही.” त्याचा आवाज असा आला की आम्ही सगळे शिडीपाशी सरकलो. तो खाली उतरला. जुडी कापली नव्हती, खुंटीवरून अलगद काढून आणली होती. बांबूच्या सालीची गाठ त्यानं उजेडात धरली. “उलटा पीळ आहे. शेवट आत खुपसलाय. माझी आई डावखुरी होती. अख्ख्या मांडवात ही गाठ तिची एकटीची.”

तुम्हाला आठवतं ना, मशिदीमागचा मांडव? तिथं सगळ्यांचा लसूण एकत्र वाळायचा, आणि कुणाची जुडी कुणाची ते गाठीवरून कळायचं. घर तशी गाठ. मांडव मोडला तशा गाठीही आम्ही विसरलो. मुहिरची आई तर मांडव मोडायच्याही आधी गेली होती. आणि या काढणीला बांधलेली तिची गाठ बांबूच्या ताज्या सालीत त्याच्या हातात होती.

“गाठ ती गाठ,” अमाक सेनुन म्हणाला. “कुणालाही येईल.”

मुहिर पुन्हा वर चढला. एकेक जुडी खाली येऊ लागली. “ही कुणाची? भाताच्या काडीचा वेढा आहे मधे.” मागून एक म्हातारी बाई पुढं आली, तिनं नुसता हात पुढं केला. “ही?” कुणीतरी म्हणालं, ही तर वरच्या आळीतल्या हाजींच्या घरची. मग एक जुडी आली, आणि माझे हात आपोआप वर गेले. माझा बाप गुरं राखायचा. तो लसणाच्या जुडीलाही दाव्याचीच गाठ मारायचा, आणि आई त्याला रोज टोचून बोलायची, “काय, हंबरणार आहे का लसूण?”

इनाक रिसाह भिंतीकडून वळली होती. “बाबा मला दर काढणीला ओरडायचे,” ती म्हणाली. “ही गाठ या ओळीची, ती त्या ओळीची. मला वाटायचं म्हातारपणाची खोड आहे. एकमेकांत मिसळू नको म्हणजे...”

पुढचं बोलायची गरज नव्हती. भाववाल्या साली त्यानं प्रत्येक घरातून मजुरी म्हणून एक जुडी का मागितली, ते आत्ता आमच्या डोक्यात शिरत होतं. आम्ही विकत होतो आणि तो आमचंच बी आमच्यासाठी बाजूला काढत होता. दर साली घरटी वेगळी ओळ, वेगळी जुडी, ज्याची त्याची गाठ. अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव, अशीच सांभाळायची असते, दुसऱ्याच्यात न कालवता. आणि आम्हाला सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं, ते तुम्हीच मनाशी विचारा.

इतक्यात मागून कुणीतरी, नाव घेत नाही, म्हणालं, “म्हणजे हा लसूण आमचाच. मग अडलं कुठं? माझी जुडी मी देतो, टाका आमटीत!”

आणि तोही खरंच बोलत होता. ज्याची त्याची वस्तू, देणाऱ्याला कोण अडवणार? दूध उतू जायला आलं होतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकानं दिली की दुसऱ्याला मागं राहता येत नाही, आमचं गाव असंच आहे. आता तर इनाक रिसाहकडे नाही म्हणायचा हक्कही उरला नव्हता.

मुहिरनं शेवटच्या दोन जुड्या खाली आणल्या. दोन्हींची गाठ एकच, दोन फास एकमेकांत अडकवलेले. त्यानं त्या अमाक सेनुनच्या हातात ठेवल्या.

ती त्या दोघा भावांच्या बापाची गाठ. एक जुडी थोरल्याची, एक धाकट्याची. आणि धाकट्यानं भाववाल्या साली घरातला शेवटचा गड्डा विकून घराला नवं छत घातलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अमाक सेनुननं एक पाकळी काढली. सोलली. आम्ही त्याच्या बोटांकडे बघत होतो, कारण तो यजमान होता. तो टाकील तर सगळे टाकतील. त्यानं ती बोटांत फिरवली. कोंबाचं हिरवं टोक पाकळीच्या शेंड्यातून जरासं बाहेर आलं होतं. त्यानं ते टोक अंगठ्यानं चाचपलं, जसं लहान मुलाचा पहिला दात चाचपतात.

“मुहिर,” तो म्हणाला. “आमटी तशीच कर.”

“लसणाशिवाय?”

“लसणाशिवाय. कुणी विचारलं तर सांग, अमाक सेनुनच्या घरी लसूण नव्हता.” मग तो पुतणीकडे वळला, आणि ताठ मानेचा माणूस किती वाकू शकतो ते मी त्या दिवशी बघितलं. “सोलली गेली ही एक, पोरी. उगवेल का?”

“उगवेल, काका,” ती म्हणाली आणि ओढणी डोळ्यांना लावली. “जपून लावू.”

जेवणाच्या वेळेला तुआन गुरू आले. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात, दरडीवरून चढून आलेले. आम्ही गोलाकार बसलो, चौघांत एक ताट, आमच्या रीतीप्रमाणे. तुआन गुरूंनी पहिला घास घेतला, चावला, आणि मुहिरकडे बघितलं.

“मुहिर, आज तब्येत बरी नाही का तुझी?”

अंगणभर हसू फुटलं, सकाळपासून दाबलेलं. मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हात धुतले, आणि मला डफाची खूण केली. त्या दिवशी ते फार गायले नाहीत. एकच कडवं, पुन्हा पुन्हा, हळू. गेलेल्याच्या घरात आधी ज्याची त्याची अमानत ज्याला त्याला परत करा, मग जेवा. माझा ताल कितीदा तरी चुकला. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

लोक उठताना आपापल्या जुड्या घेऊन निघाले, तेव्हा इनाक रिसाह दारात आडवी उभी राहिली.

“न्या. लावा. पण काढणीनंतर बियाची जुडी स्वतःच्या चुलीवर टांगायची नाही. शेजाऱ्याच्या चुलीवर टांगायची, आणि शेजाऱ्याची आपल्या.”

“का गं?” कुणीतरी म्हणालं. “विश्वास नाही आमच्यावर?”

“तुमच्या स्वतःच्या लसणाच्या बाबतीत? अजिबात नाही!” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या बाबतीत आहे.”

लोक हसले, पण कुणी वाद घातला नाही. तेव्हापासून आमच्याकडे तसंच चाललंय. माझ्या चुलीवर मुहिरची जुडी आहे, उलट्या पिळाची. कधी पाहुणे येतात, दुकानात लसूण नसतो, बायको वर बघते. मी म्हणतो, बघू नको, ती आपली नाही. दाढी केलेला अजून घाटाखालून येतोच, काही बंद झाला नाही. पण लावणीच्या दिवसांत आमच्या वाफ्यांना पुन्हा वास येतो, आणि बी मागायला आम्ही घाट उतरत नाही.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे, तेवढं करा आणि मग खुशाल उठा. म्हाताऱ्याचं स्वतःचं नाव सपीइन होतं. जन्मभर ते नातीच्या नावामागं झाकलेलं, आणि पाठीमागं आम्ही त्याला जे म्हणत होतो ते तुम्ही ऐकलंच. तुमच्या घरी कधी लसूण सोलायला घ्याल आणि बुडाशी मुळ्यांची दाढी दिसली, तर क्षणभर थांबा. सपीइन, एवढं एकदा म्हणा. फातिहा येत असेल तर फातिहा, नसेल तर तुमच्या देवाच्या भाषेत जे येतं ते. त्याला पोचेल.